आईची पहिली ओळ

— झेललं, आणि झेलून आत नुसतं ठेवून दिलं, तर ते जातं कुठे? एवढाच प्रश्न होता माझा, आणि तू होतीस की त्या दिवशी, त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर — मी इथे दारात उभा, हातात पाना, हात ग्रीसने काळे, आणि तुमची सगळी बॅच माना वळवून माझ्याकडे बघत हसली. ताईसुद्धा हसली. म्हणाली, ‘वादळा, प्रश्न चांगला आहे, उद्या सांगते.’ उद्या! कुठला उद्या नि कुठलं काय. मग मी दुकानात मालकाला विचारलं, तो म्हणाला, पोरा, थोडे दिवस सुट्टी घे. डॉक्टरला विचारलं, त्याला वाटलं मी पोटाच्या गोळीबद्दल विचारतोय. कुणीच सांगत नाही. तूही नको सांगूस, राहू दे — दारात अशी उभी नको राहूस, आत ये. चप्पल असू दे, कोण बघतंय. आणि जरा हळू बोल, आई आत पडलीये. झोपलीये का नुसती पडलीये ते हल्ली कळत नाही, भिंतीकडे तोंड करून असते.

तूच ना शंकाबाई? खरं नाव मला माहीत नाही, ताई घरात तुला तसंच म्हणायची — ‘आज शंकाबाईंनी अर्धा तास खाल्ला’ — रागाने नाही गं, कौतुकानेच. शंका विचारणारं एक तरी डोकं बॅचमध्ये लागतं म्हणायची, नाहीतर भिंतीला शिकवल्यासारखं होतं. क्लास? क्लास बंद झाला. कॉम्प्युटर आहेत तसेच आहेत, मीच चादरी टाकल्यात वर, धूळ बसू नये म्हणून — का बसू नये, कोण वापरणार, ते विचारू नकोस, टाकल्यात. तू त्या चौकातल्या सरांकडे जा, औषधाच्या दुकानावर वरच्या मजल्यावर आहेत बघ. काय? फळा बघायचाय? परीक्षा आहे, शेवटचं अर्धंच राहिलं होतं म्हणतेस? बघ की. पुसलेला नाहीये मी. कुणाला पुसूही दिला नाही. मावशी फडकं घेऊन निघालीच होती, बिचारी मदत म्हणून, तर मी असा ओरडलो की ती रडायलाच लागली. मी हा असा. आधी ओरडतो, मग कशाला ओरडलो ते शोधत बसतो.

ही बघ, ही वरची ओळ आई-क्लासची, ही खालची मुलगी-क्लासची — शिकवणीचा क्लास नव्हे, प्रोग्राममधला, आणि मुलगी-क्लास आईवरून बेतलेला, ताई म्हणायची. अक्षर बघ, फळ्यावरसुद्धा वहीत लिहिल्यासारखं. मला यातलं फार समजत नाही हं, आधीच सांगतो. मी नववीत शाळा सोडली — शाळेनेच मला सोडलं म्हण — पण पडद्यापलीकडे बसून वर्षानुवर्षं तेच ते जावा, ती कॉम्प्युटरची भाषा, कानावर पडलं की थोडंफार चिकटतंच. मेथड म्हणजे एकच काम करून देणारं दुकान, आणि तिची पहिली ओळ म्हणजे दुकानाची पाटी, म्हणायची ती. माझं नाव काय, मला काय आणून द्यायचं, मी तुला काय परत देणार. आधी नाव ना? काय — आधी परत काय देणार ते, आणि मग नाव? बरं, तसं असेल, मी म्हटलं ना, मला चिकटलेलं आहे, शिकलेलं नाहीये. पण पाटीच्या शेवटी अजून एक गोष्ट असते, थ्रोज म्हणून, ती मला पक्की माहीत आहे, कारण ती सांगताना ताईचा आवाज बदलायचा. की बाबा, माझ्या हातून हे असं असं बिघडू शकतं. फाइल उघडायला सांगितलीस तर उघडीन, पण फाइल जागेवर नसू शकते. हे आधीच, दारावरच लिहायचं, गिऱ्हाईक आत यायच्या आधी. आणि ते वाचून ज्याने हाक मारलीये त्याला दोनच वाटा — एक तर तो बिघाड स्वतः झेल, निस्तर. नाहीतर तुझ्या पाटीवर लिही आणि तुझ्या वरच्याकडे पाठव. तिसरी वाट नाही. दोन्ही केलं नाहीस तर कंपायलर, तो प्रोग्राम तपासणारा, दारातच अडवतो, काम सुरूच होऊ देत नाही. बरोबर आहे ना? बघ, मान हलवलीस. ताईला सांगायला पाहिजे होतं.

हे झालं चेक्ड. आणि ते दुसरं, अनचेक्ड, आपल्याच वेंधळेपणाने होतं ते, शून्याने भागलं बिगलं. त्याची पाटी लावायची सक्ती नाही, कारण ते मुळात होऊच द्यायचं नसतं. म्हणजे मी. ताई म्हणायची, ‘आमचा हा सगळाच अनचेक्ड आहे, कधी काय करेल नेम नाही.’ तुमच्यासमोर म्हणाली असेल, हो ना? हसलीस म्हणजे म्हणाली होती. मेली!

आता गंमत सांगू? तिने हे घरात आणलं. एकदा आईने मला चष्मा आणायला पाठवलं दुकानातून, मी गेलो, वाटेत मित्र भेटला, त्याची नवी गाडी, म्हटलं एक चक्कर मारू — आलो तो दिवेलागणीला, आणि चष्मा तिथेच दुकानात. आई आंधळी कोशिंबीर खेळत घरभर फिरत होती. त्या दिवसापासून ताईने नियमच केला: घरातून कुठलंही काम घेऊन निघायचं तर उंबऱ्यात उभं राहून सांगायचं, काय बिघडू शकतं. आणि ज्याने ऐकलं त्याने सांगायचं, तसं झालं तर मी काय करीन. दोघांनीही बोलायचं. एकाने बोलून चालत नाही. ‘दूध आणायला जातो, दुकान बंद असू शकतं.’ — ‘मग मी काळा चहा घेईन.’ हे असं चालायचं आमच्याकडे, बाहेरचा माणूस ऐकून चक्रावायचा. आईला तर इतकं आवडलं, ती म्हणायची, ‘मी जरा पडते, घोरू शकते.’ ताई म्हणायची, ‘आई, ते शकतं नाही, ते ठरलेलंच आहे.’ मी म्हणायचो, ‘मग मी कापूस घालीन.’ हसायचो. तिघंच आम्ही, पण घर भरलेलं वाटायचं.

फक्त एक होतं — आई स्वतःच्या दुखण्याबद्दल कधी पाटी लावायची नाही. भांडी फुटू शकतात, घोरू शकते, मीठ विसरू शकते, पण दुखणं? ‘मला काय धाड भरलीये!’ झालं, विषय बंद. गुडघे सुजून एवढे झाले होते, जिन्याला धरून धरून चढायची, विचारलं की — मला काय धाड भरलीये. बाबा गेले तेव्हाही बाईने कुणासमोर डोळा ओला केला नाही, तिसऱ्या दिवशी शिलाई मशीनवर बसली. आणि ताई आईचीच लेक. सगळं आईसारखं — नाक, चालणं, ते ‘धाड’ पण.

नाही नाही, बस तू, चहा नाहीये गं घरात, म्हणजे आहे, पण मी केला तर पिववणार नाही. पाणी घे. हां, आवाज येतोय तो नळाचा, गळतो. मी दुरुस्तीवाला आणि माझ्या घरचा नळ गळतो. वॉशिंग मशीन करतो मी खरं म्हणजे. फ्रिज शिकतोय, शिकत होतो. तुला एक सांगतो, आमच्याकडे एक गिऱ्हाईक यायचं, त्याच्या मशीनचा लाल दिवा लागायचा सारखा, आणि आवाज पण, पीं पीं पीं. मशीन ओरडून सांगतंय की बाबा पाणी आत येत नाहीये, जाळी तुंबलीये. ह्याने काय करावं? दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. आणि मला म्हणतो, ‘आवाजाची वायर तेवढी काढून द्या, बाकी काही त्रास नाही.’ बाकी काही त्रास नाही! मोटर जळाली शेवटी. मी हे घरी येऊन सांगितलं तर ताई टाळ्या पिटून हसली आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या बॅचला सांगितलं — हो, तोच तो, चिकटपट्टीवाला, ते माझं गिऱ्हाईक होतं! रिकामा कॅच म्हणजे काय ते तिने त्यावरून शिकवलं तुम्हाला. कॅच, म्हणजे बिघाड झेलायची जागा, ती लिहायची, आणि त्या महिरपी कंसात काहीच लिहायचं नाही. बिघाड आला, झेलला, आणि आत काहीच नाही, नुसती मोकळी जागा. आणि कंपायलर गप्प, कारण त्याला वाटतं, झाली ना सोय, झेललंय ना कुणीतरी. त्याला काय माहीत आत कुणी नाहीये ते. सगळ्यात मोठं पाप हेच, म्हणायची ती, आणि मी तेव्हा पडद्यामागे मान डोलावत होतो. मोठा शहाणा.

तर ही शेवटची ओळ. तुझ्यामुळेच आहे ती फळ्यावर, तुला माहितीये. तू विचारलं होतंस — आई-क्लासच्या मेथडने पहिल्या ओळीत काहीच थ्रोज लिहिलं नसेल, आणि मुलीने तीच मेथड पुन्हा आपल्या पद्धतीने लिहिली, तर मुलीला नवीन काही लिहिता येईल का? आणि ताई म्हणाली, नाही. चेक्ड असेल तर नाही. आईने जेवढं सांगितलंय त्याहून जास्त बिघडू शकतं असं मुलीला म्हणता येत नाही. कमी म्हणता येतं, काहीच नाही असंही म्हणता येतं, जास्त नाही. कारण हाक मारणाऱ्याने आईची पाटी वाचलेली असते, त्याची तयारी तेवढीच असते. मग तू म्हणालीस — मी ऐकलं, मी तिकडे न्हाणीघरात मशीन उघडून बसलो होतो — ‘मग मॅडम, मुलीच्या आत खरंच काही बिघडलं तर तिने करायचं काय?’ आणि मार्करची करकर बंद झाली. मला वाटलं मार्कर संपला. मग म्हणाली, ‘आतल्या आत झेलायचं. नाहीतर वर जाऊन आईची पहिली ओळ बदलून घ्यायची.’ तेव्हाच मी उठून दारात आलो आणि माझा तो प्रश्न विचारला, आणि तुम्ही सगळे हसलात, आणि ती म्हणाली उद्या.

रडू नकोस गं. ए — हे बघ, मला रडणाऱ्या माणसाशी काय बोलतात ते येत नाही. तू फळा बघायला आलीच नव्हतीस, मला कळलं होतं दारातच. परीक्षेचा फळा बघायला येणारी पोरगी मोबाइल काढते, फोटो मारते आणि जाते. तू माफी मागायला आलीयेस. तुम्ही भेटायला आलात त्या दिवशी आई सगळ्यांसमोर तुला बोलली ते मी ऐकलं ना — ‘हिनेच फोन करकरून सुट्टीच्या दिवशी क्लास लावायला लावला, एक दिवस टेकू दिलं नाही माझ्या पोरीला.’ तुझ्या आईवडिलांसमोर. आणि तू मान खाली घालून गेलीस, तेव्हापासून इकडे फिरकली नाहीस. आणि मी बाजूलाच उभा होतो, भिंतीला टेकून. एक शब्द बोललो नाही. तुझी चूक नाहीये. नाहीये म्हणतो ना. तो जादा क्लास नसता तरी — ती बसूनच शिकवत होती, उभीसुद्धा नव्हती, स्टूल तर मी आधीच आणून —

काही नाही. स्टूल असंच आणलं होतं. दुकानात पडून होतं एक उंच, पाय वाकडे होते, मी कापून सरळ केले, बुडाला रबर ठोकलं, फळ्याच्या उंचीचं झालं. म्हटलं ताईला होईल. तुम्हाला वाटलं मॅडमचा रुबाब, हो ना? तुमच्यातला तो चष्मेवाला म्हणाला होता, मॅडम आता सिंहासनावरून राज्य करणार. आईनेही विचारलं, हे कशाला रे? म्हटलं पडून होतं. मी काय — तू अशी बघू नकोस माझ्याकडे. तुला शंका आली ना? तू शंकाबाईच, तुला येणारच. कुणी उगीच स्टूल आणत नाही. ज्याने आयुष्यात घरासाठी एक खिळा ठोकला नाही तो उगीच बसून स्टुलाचे पाय मोजून कापत नाही.

मला माहीत होतं. झालं, आता तोंडातून गेलं, आता काय. मला माहीत होतं. तुमची बॅच सुटल्यावर एकदा मी पडदा सारला तर ती फळ्याला दोन्ही हात लावून उभी, कपाळ फळ्याला टेकलेलं, मला वाटलं काही वाचतेय जवळून. मार्कर कपाळाला लागला होता, निळा. म्हणाली, ‘काही नाही रे, अंधारी येते मधेच, छातीत धडधड होते, जाते आपोआप.’ मी म्हटलं डॉक्टर. म्हणाली, ही बॅच संपू दे. मी म्हटलं आईला सांगतो. तर माझा हात धरला — घट्ट, तिच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं — ‘आईला सांगायचं नाही. तिने तिचे गुडघे कधी सांगितले आपल्याला? मला काय धाड भरलीये.’ आणि हसली. आणि मी, मी काय केलं? मी सांगितलं नाही, आणि डॉक्टरकडेही नेलं नाही. दोनच वाटा होत्या ना? एक तर स्वतः निस्तर, नाहीतर वर पाठव. मी काढली तिसरी. मी स्टूल आणलं. दिव्यावर चिकटपट्टी. आणि इतका खूष होतो गं स्वतःवर, ती बसून शिकवायला लागली तर मला वाटलं, केलं ना मी काहीतरी! सांभाळतोय ना मी!

आणि तुला त्या दिवसाचं सांगू? सांगतोच आता, तू ऐक, तूच ऐक, कारण तू त्याचं ओझं घेऊन फिरतेयस आणि ते तुझं नाहीच. घरचं मशीन कपडे पिळत नव्हतं. बेल्ट सैल झाला होता, एवढंच — मोटर फिरते, आतला डबा फिरत नाही. लोकांच्या घरी मी ते चहा निवायच्या आत करून देतो. आमच्या घरी? करतो, करतो. त्याचाही दिवा लागायचा, पीं पीं वाजायचं, तुमच्या क्लासमध्ये आवाज जातो म्हणून मी वायर काढून टाकली होती, मी, त्या गिऱ्हाइकाला हसणारा. त्या दिवशी सुट्टी म्हणून उघडलं शेवटी, बेल्ट बाहेर काढला, मग तुमचं ऐकत बसलो, मग तुम्ही गेलात, मग फोन आला मित्राचा, मग मी दिवाणावर आडवा. बेल्ट न्हाणीघरात तसाच. म्हणून ताईने कपडे हाताने पिळले. हाताने कितीसं पिळलं जातं, चादरी होत्या त्यात, बादली पाण्याने जड. ती बादली घेऊन तिथे, जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली, आणि नियमाप्रमाणे म्हणाली, ‘मी गच्चीवर जाते. चक्कर येऊ शकते.’

चेष्टेच्या आवाजात म्हणाली. पण म्हणाली. पाटी लावली तिने, शंकाबाई! आईने कधी लावली नाही ती तिने लावली, माझ्यापुरती का होईना. आणि आमच्या घरचा नियम काय? ऐकणाऱ्याने सांगायचं, तसं झालं तर मी काय करीन. ‘मग मी बादली घेतो.’ एवढंच. चार शब्द. किंवा, ‘मग तू जाऊच नकोस.’ मी मोबाइलमध्ये बघत होतो, कुणीतरी गाडी एका चाकावर चालवत होतं, आणि मी म्हटलं, ‘बरं.’

बरं. बघ, रिकामा कंस कसा दिसतो. तो असा दिसतो. ती क्षणभर थांबली होती, मला पाय दिसत होते तिचे, मी वर बघितलंच नाही. मग गेली. पायऱ्यांवर बादली टेकवत टेकवत जातानाचा आवाज येत होता, ठक, ठक, आणि मग येईनासा झाला, आणि मला वाटलं पोचली. वरच्या काकूंनी हाक मारली तोपर्यंत माझा तो व्हिडिओ संपून दुसरा लागला होता. चादरी सगळ्या जिन्यावर, पाणी खालपर्यंत आलेलं, तिची चप्पल — नको. ते नको.

डॉक्टर म्हणाले हृदयाची लय बिघडत होती, आधी आणलं असतं तर कदाचित. कदाचितच म्हणाले, हो. त्या एका शब्दावर आई रोज डोकं आपटते. ‘मला कळलं कसं नाही, मी आई आहे, मला कसं कळलं नाही रे, तुला कधी काही बोलली होती का ती?’ आणि मी म्हणतो, नाही. रोज विचारते. रोज म्हणतो, नाही. आणि मग तिला कुणीतरी पाहिजे ना, माणसाला कुणीतरी लागतंच, तर ती तुमच्यावर येते, तुझ्यावर — त्या शंकेवालीने मारलं माझ्या पोरीला. आणि मी तिचे पाय चेपत बसतो आणि ऐकतो. तुला दोष देऊन रडते ती, आणि मला, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटतं. तेवढा वेळ बरं वाटतं. की माझ्यावर नाही आलं. आता कळलं तुला मी कोण ते? आता दे माफी. तू मागायला आली होतीस ना, तू दे.

पेला खाली ठेवलास. बरोबर आहे. तुझ्या जागी मी असतो तर पाणी तोंडावर फेकलं असतं. तो मार्कर दे बरं इकडे, फळ्याखालचा, निळा. ताईचाच आहे. मी म्हणतो ही वरची ओळ पुरी करून टाकू, आईची, शेवटी थ्रोज लिहून टाकू, कंसाच्या अलीकडे का पलीकडे? पलीकडे, बरं — अरे, उमटतच नाही. वाळला. टोपण उघडं राहिलं असणार त्या दिवसापासून, मी रोज धूळ झटकतो आणि टोपण लावलं नाही, बघ म्हणजे. नुसते ओरखडे येतायत.

असं लिहून नाहीच होणार ते. मला वाटतं मला कळलं, माझ्या प्रश्नाचं. झेलून आत ठेवलेलं कुठेही जात नाही. तिथेच बसतं, आणि मग दुसऱ्याच कुणाच्या नावाने बाहेर पडतं. तुझ्या नावाने पडलं. चूक असेल हे, तू चौकातल्या सरांना विचार, ते नीट सांगतील. पण ताईने दुसरी वाट सांगितली होती ना, तुझ्यासमोरच सांगितली, वर जाऊन आईची ओळ बदलून घ्यायची. तिला जमलं नाही. ती आईसारखीच होती. मी नाहीये आईसारखा, मी कुणासारखाच नाही, मी अनचेक्ड. मला जमायला काय हरकत आहे.

आई! ए आई! जागी आहेस ना? जरा बाहेर ये.

तू ऊठ. नाही, तू थांबू नकोस, तू ऐकलंस तेवढं पुष्कळ झालं, पुढचं तुझं नाही. परीक्षेला नीट बस. शंका विचारत जा, लोक हसले तरी. दार ओढून घे जाताना, जोरात नको, चौकट सुटलीये. जा गं.

— कुणी नाही, आई. ताईची विद्यार्थिनी. हो, तीच. नाही, तिला काही बोलू नकोस, तिच्यामुळे नाही काही. मी सांगतो ना. सावकाश, पायाखाली बघ. गुडघे दुखतायत? दुखतायत का विचारलं, आई, धाड बिड काही नको, हो का नाही ते सांग. बरं. मग मी धरतो. हां, असा हात दे. आणि हे स्टूल घे, बस यावर. बस ना. तुला सांगायचंय मी हे का आणलं होतं ते.